वह्या वाचायच्या असतील तर एकच पद्धत धरा

एका वाचक भगिनींचे पत्र:

‘माझ्या सासूबाई पुण्यातील एका सरकारी कार्यालयात लघुलेखिका होत्या. गेल्या वर्षी त्या गेल्या आणि कपाट आवरताना त्यांच्या शॉर्टहँडच्या अकरा वह्या सापडल्या. घरात कोणालाही त्यातली एक ओळ वाचता येत नाही. त्या निमित्ताने मला या लिपीची फार ओढ लागली. जुन्या बाजारातून आणि अप्पा बळवंत चौकातून पिटमन आणि ग्रेग या शॉर्टहँड पद्धतींची पुस्तके आणली, टीलाइनचे एक पुस्तक मागवले, जुन्या जर्मन पद्धतीचेही एक इंटरनेटवरून उतरवून घेतले. प्रत्येकाचे पहिले चार-पाच धडे झाले आहेत आणि आता सगळ्या खुणा एकमेकींत मिसळतात. यजमान म्हणतात, फोन बोललेले सगळे लिहून देतो, मग हा खटाटोप कशाला? मुलगा म्हणतो, आजीच्या वह्या स्कॅन कर आणि ठेवून दे. मी कोणती पद्धत शिकू? संग्रह कसा वाढवू? या वयात परीक्षा देण्यात काही अर्थ आहे का?’
— एक वाचक, कर्वेनगर, पुणे

सप्रेम नमस्कार.

तुम्ही न विचारलेल्या एका गोष्टीपासून सुरुवात करते, कारण बाकी सगळे सहा महिने थांबले तरी चालेल, ही गोष्ट मात्र थांबणारी नाही. सासूबाईंबरोबर त्याच कार्यालयात काम केलेल्या कोणी लघुलेखिका, लघुटंकलेखक किंवा त्यांच्याबरोबर शॉर्टहँडच्या क्लासला असलेली एखादी मैत्रीण हयात असेल, तर त्यांचा शोध आधी घ्या. निवृत्तिवेतनधारकांच्या संघटनेत विचारा, त्यांच्या निरोपसमारंभाचा फोटो असेल तर त्यातील चेहरे घरातील जुन्या माणसांकडून ओळखून घ्या आणि एक वही सोबत घेऊन प्रत्यक्ष भेटायला जा.

याचे कारण असे की, लघुलेखन पुस्तकात सर्वांचे सारखे असले, तरी नोकरीत दहा वर्षे गेल्यावर ते ज्याचे त्याचे होऊन जाते. ‘उपरोक्त विषयाच्या अनुषंगाने’, ‘आपले लक्ष वेधण्यात येते की’ असे शब्दसमूह दिवसातून अनेकदा येतात. त्यांच्यासाठी प्रत्येक लघुलेखक स्वतःची आखूड खूण ठरवून टाकतो आणि ती कोणत्याही छापील पुस्तकात सापडत नाही. साहेब कोण होते, कार्यालयात त्या वर्षी कोणता विषय चालू होता, कोणती नावे वारंवार येत, हे ठाऊक असलेल्या माणसाला ती खूण पाहताक्षणी लागते, तर बाहेरचा उत्तम जाणकारही तिच्यापुढे अडून बसतो.

लघुलिपीच्या इतिहासात अशा अडून बसण्याची मोठमोठी उदाहरणे आहेत. सॅम्युअल पेप्स या इंग्रज अधिकाऱ्याने १६६० ते १६६९ या काळात टॉमस शेल्टनच्या लघुलिपीत रोजनिशी लिहिली आणि ती पुढे केंब्रिजच्या मॉडलिन महाविद्यालयाकडे गेली. १८१९ मध्ये ती उलगडण्याचे काम जॉन स्मिथ या विद्यार्थ्याकडे आले, तेव्हा त्याने सुमारे तीन वर्षे खपून ती उतरवून काढली; शेल्टनचे पुस्तक पेप्सच्याच ग्रंथसंग्रहात, त्याच महाविद्यालयात होते, याचा त्याला पत्ताच नव्हता. विसाव्या शतकातील तर्कशास्त्रज्ञ कुर्ट गोडेल यांच्या टिपणवह्या गाबेल्सबर्गर पद्धतीत आहेत. ही पद्धत १८३४ मध्ये प्रसिद्ध झाली आणि १९२४ मध्ये जर्मनीत एकीकृत लघुलिपी आल्यावर मागे पडली, त्यामुळे त्या वह्या वाचू शकणारे लोक फार थोडे उरले आणि त्यांचे लिप्यंतर करण्यात अभ्यासकांची अनेक वर्षे गेली. तुमच्या अकरा वह्यांची माहिती असलेली माणसे कदाचित अजून सदाशिव पेठेत किंवा बिबवेवाडीत राहत असतील, म्हणून ही घाई.

आता पद्धतीचा प्रश्न. पिटमन शिका आणि बाकीची तिन्ही पुस्तके काही काळ कपाटात बंद करून ठेवा. ग्रेग मला कमी प्रतीची वाटते म्हणून मी हे सांगत नाही. जॉन रॉबर्ट ग्रेग यांनी १८८८ मध्ये मांडलेली ती पद्धत अमेरिकेत वर्चस्व गाजवत होती आणि तिचे वळण डोळ्यांना फार सुखावणारे आहे. पण सासूबाईंच्या वह्या पुण्यातील सरकारी कार्यालयातील आहेत. आपल्याकडे शिकवली गेली ती मुख्यतः पिटमन आणि मराठी लघुलेखनाचा पायाही पिटमनच्याच रेषांवर घातलेला आहे. तरीही खात्री करून घ्यायची असेल, तर एक पान खिडकीपाशी तिरप्या उजेडात धरून पाहा. त्याच आकाराच्या काही रेषा बारीक आणि काही दाबून ठळक काढलेल्या दिसल्या, काही आकृत्या ओळीच्या वर, काही ओळीवर आणि काही ओळ छेदून गेलेल्या दिसल्या, कडेला सुटे ठिपके आणि बारीक आडव्या खुणा दिसल्या, तर ती पिटमन समजा. ग्रेगमध्ये ठळक-बारीक हा भेद नसतो आणि स्वर शब्दाच्या ओघातच लहान-मोठ्या वर्तुळांनी लिहिले जातात.

पिटमनची सगळी रचना एका लहानशा शब्दसमूहावर पाहता येते, म्हणून येथे थोडे रेंगाळते. ‘प’ म्हणजे डावीकडून उजवीकडे खाली उतरणारी बारीक तिरपी रेष. तीच दाबून काढली की ‘ब’. ‘प’च्या शेवटी एक लहानसा आकडा (हूक) वळवला की ‘न’ जोडला जातो. ही आकृती ओळीच्या वर लिहिली तर ‘पॅन’, ओळीवर टेकवली तर ‘पेन’ आणि ओळीतून आरपार नेली तर ‘पिन’. म्हणजे स्वर लिहिलाच नाही तरी पहिला स्वर साधारण कोणत्या जातीचा होता, हे जागेवरून समजते. ‘न’ नंतर पुन्हा स्वर असेल, जसे इंग्रजी ‘पेनी’मध्ये आहे, तर आकडा चालत नाही, ‘न’ची खोलगट आडवी रेष पूर्ण काढावी लागते, त्यामुळे शब्द व्यंजनावर संपतो की स्वरावर, हेही न लिहिता वाचता येते. ओळीवरच्या ‘पेन’ची रेष निम्मी केली की शेवटी ‘ट’ येऊन ‘पेंट’ होतो आणि दुप्पट केली की ‘पेंटर’. आयझॅक पिटमन यांनी ही पद्धत १८३७ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी प्रसिद्ध केली. आधी ते सॅम्युअल टेलर यांची १७८६ ची पद्धत शिकले होते. स्पेलिंग बाजूला ठेवून उच्चारच लिहायचा आणि जवळच्या ध्वनींना जवळच्याच रेषा द्यायच्या, हा त्यांचा विचार आपल्या वर्णमालेत वाढलेल्या माणसाला फार लवकर पटतो. प-ब, ट-ड, च-ज, क-ग या जोड्या मराठी वाचकाला वेगळ्या समजावून सांगाव्या लागत नाहीत.

याच आकृतींत पिटमनची अडचणही दडलेली आहे. ओळीवरची ती आकृती ‘पेन’ असू शकते, दुखण्याच्या अर्थाचा ‘पेन’ असू शकतो आणि शब्दश्लेषाचा ‘पन’सुद्धा असू शकतो, स्वराचा ठिपका दिला नाही तर निर्णय संदर्भावरच सोडावा लागतो, आणि वेगाने लिहिताना ठिपके द्यायला कोणाला वेळ नसतो. रेष निम्मी की पूर्ण, हे हाताच्या प्रमाणबद्धतेवर ठरते आणि घाईत ती ढळते. म्हणून मी तुम्हाला आग्रहाने सांगते की, लिहिण्याच्या वेगाच्या मागे लागू नका, वाचण्याच्या मागे लागा. आज लिहिलेले आज वाचता येते, कारण मजकूर डोक्यात ताजा असतो. आठवड्याने उघडलेले पान न अडखळता वाचता आले, तरच तो धडा झाला असे समजावे. चार पद्धतींचे पहिले पाच धडे होऊन तुमचा गोंधळ उडाला तो इथेच: त्या धड्यांत खुणा ओळखण्यापलीकडे काही नसते आणि खुणा सगळीकडे सारख्याच दिसतात. पिटमनमधली एक वक्र रेष ग्रेगमध्ये वेगळ्याच ध्वनीची असते, आणि हाताला एक सवय पक्की लागण्याआधी दुसरी लावली की दोन्ही जातात.

सरावाबद्दल थोडक्यात. रोज अर्धा तास पुरे, पण रोज हवा. कागद गुळगुळीत, रेघांमधील अंतर मोठे आणि हातात बॉलपेनऐवजी मऊ पेन्सिल असू द्या, कारण बॉलपेनने ठळक-बारीक फरक नीट उमटत नाही. जुन्या पुस्तकांत ज्याला ‘इन्स्ट्रक्टर’ म्हणतात ते पिटमनच्या न्यू एरा आवृत्तीचे पुस्तक आणि त्याची ‘की’ म्हणजे उत्तरांची पुस्तिका, दोन्ही जवळ ठेवा. न्यू एरा १९२२ ची आहे आणि सासूबाई तीच शिकल्या असण्याचा संभव सर्वांत मोठा आहे. १९७५ मध्ये आलेली पिटमन २००० ही सुटसुटीत आवृत्ती हाती लागली तर ती संग्रहात ठेवा, तिच्यावरून शिकू नका, कारण तिच्यातील सोपे केलेले नियम जुन्या वहीत सापडणार नाहीत. सात-आठ महिन्यांनी मुलाला घड्याळ लावून उतारा सांगायला बसवा: उताऱ्यात दर पंधरा शब्दांवर तिरपी रेघ मारून ठेवा आणि त्याने प्रत्येक रेघेपर्यंत पंधरा सेकंदांत पोहोचायचे, म्हणजे मिनिटाला साठ शब्द होतात. वह्या स्कॅन करून ठेवून द्या म्हणणारा मुलगा या निमित्ताने आजीच्या वह्यांपाशी येऊन बसेल, हाही एक फायदा आहे.

मराठीबद्दल एक इशारा द्यायला हवा. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ चा. त्यानंतर राज्याचा कारभार टप्प्याटप्प्याने मराठीत आला आणि मराठी लघुलेखकांची गरज वाढत गेली. सासूबाईंची नोकरी त्यानंतरची असेल, तर काही वह्या इंग्रजीत, काही मराठीत आणि काही दोन्हींची सरमिसळ असलेल्या निघतील. मराठीत ‘त’ आणि ‘ट’ वेगळे, ‘द’ आणि ‘ड’ वेगळे, वर ‘ण’, ‘ळ’ आणि महाप्राणांची संपूर्ण रांग; शिवाय ‘कार्यालयातल्यांनासुद्धा’ हा एकच शब्द असतो. इंग्रजी इन्स्ट्रक्टर पाठ झाला म्हणून मराठी पान उलगडेल, अशी अपेक्षा धरू नका. पुण्यात अजूनही टायपिंग-शॉर्टहँडच्या संस्था आहेत, त्यांतील एखाद्या संस्थेत मराठी लघुलेखन शिकवणाऱ्या शिक्षकांना गाठून त्यांच्याकडची क्रमिक पुस्तिका मिळवा. इंग्रजीचा पाया झाल्यावर ही पुस्तिका अवघड जात नाही.

वह्या उलगडायला बसाल तेव्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात करू नका. आधी पानापानावर तारखा, आकडे आणि नेहमीच्या लिपीत लिहिलेली विशेषनामे शोधा, कारण माणसांची आणि गावांची नावे बहुतेक लघुलेखक साध्या अक्षरात लिहून ठेवतात. ज्या मजकुरावर तिरपी रेघ मारलेली असेल, तो टंकलिखित होऊन साहेबांकडे गेला असे समजावे. रेघ नसलेला मजकूर खासगी किंवा अपुरा राहिलेला असू शकतो, आणि घरच्या माणसांच्या दृष्टीने तोच जास्त मोलाचा. पत्राचा मायना आणि शेवट ठरीव असतात, तेव्हा तेथील आकृत्यांवरून सासूबाईंच्या हाताचे वळण समजून घ्या आणि एका वेगळ्या वहीत त्यांच्या खुणांचा कोश तयार करत जा: आकृती, तिचा अर्थ, ती कोणत्या वहीच्या कोणत्या पानावर सापडली आणि कोणी सांगितली. पेप्सच्या वाचकाला जी किल्ली शेजारी असून मिळाली नाही, ती तुमच्या वह्यांबरोबर कायम राहील.

याच ठिकाणी एक जबाबदारीही येते. कार्यालयीन वह्यांत इतरांच्या चौकश्या, तक्रारी, शिस्तभंगाची प्रकरणे असू शकतात आणि त्यांतील माणसे किंवा त्यांची मुले आज पुण्यातच राहत असतील. असा मजकूर वाचता आला तरी त्याची छायाचित्रे कोठेही प्रसृत करू नयेत. शिकण्यासाठी दुसऱ्याला पान दाखवायचेच झाले तर परिपत्रकासारखे निरुपद्रवी पान निवडावे.

संग्रहाबद्दल माझे मत स्पष्ट आहे. छापील पुस्तके जमवण्यावर आता फार पैसे घालवू नका. पिटमन, ग्रेग आणि त्याआधीच्या अनेक पद्धतींची जुनी पुस्तके इंटरनेट आर्काइव्हवर फुकट वाचायला मिळतात आणि लंडन विद्यापीठाच्या सेनेट हाउस ग्रंथालयातील कार्लटन संग्रहासारखे संग्रह ही पुस्तके उत्तम सांभाळत आहेत. पुण्यातील लघुलेखकांच्या वह्या मात्र कोणी सांभाळत असल्याचे माझ्या पाहण्यात नाही. त्या रद्दीत जातात. तुमच्या संग्रहाने तेथे लक्ष घालावे. वापरलेल्या वह्या, क्लासमधील शिक्षकांनी स्वतः तयार केलेले उताऱ्यांचे कागद, परीक्षेची प्रमाणपत्रे, समासात पेन्सिलीने खुणा केलेले इन्स्ट्रक्टर, हे सगळे रद्दीवाल्याकडे आणि जुन्या बाजारात किलोच्या भावाने मिळू शकते. वस्तू घेताना ती कोणाकडून, कोणत्या पेठेतून आली, हे त्याच दिवशी लिहून ठेवा, आणि शक्य असेल तेथे लिहिणाऱ्या व्यक्तीला दहा ओळी वाचायला लावून तो आवाज फोनवर ध्वनिमुद्रित करा. यजमानांच्या फोनचा हा उपयोग मला पूर्ण मान्य आहे. कागद माळ्यावर ठेवू नका, लॅमिनेशन करू नका, फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावू नका. पेन्सिलीचे लेखन घासले की पुसट होते आणि त्याबरोबर ठळक-बारीक भेदही जातो, म्हणून दोन पानांमध्ये साधा पातळ कागद घालावा.

इतिहासाची गोडी लागलीच आहे, तर ती पुण्याच्या बाजूनेही वाढवा. १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांनी मुंबईच्या उच्च न्यायालयात ज्युरीपुढे अनेक दिवस स्वतःची बाजू मांडली आणि न. चिं. केळकर यांनी त्या खटल्याचा शब्दशः वृत्तान्त प्रसिद्ध केला. एवढे भाषण शब्दशः हाती लागते ते लघुलेखनामुळेच. १९१६ मध्ये बेळगाव आणि अहमदनगर येथील टिळकांच्या मराठी भाषणांवरून पुण्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी त्यांच्याकडून जामीन मागितला, तेव्हा तो आदेश उच्च न्यायालयात रद्द होईपर्यंत सगळा वाद त्या भाषणांत नेमके काय म्हटले होते, याभोवती फिरला. सभेत टिपणे घेणारा मनुष्य इतिहासात किती महत्त्वाच्या जागी बसलेला असतो, हे या दोन खटल्यांतून उमगते. विधिमंडळात आजही भाषणे टिपून घेणारे प्रतिवेदक आहेत आणि त्यांच्या कामाचा वारसा हाच आहे.

मोडीचाही विचार तुमच्या मनात येईल. मोडी ही लघुलिपी नाही, तिच्यात अक्षरे पूर्ण असतात. पण हात न उचलता लिहिणे, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सोडून देणे आणि ‘राजमान्य राजश्री’साठी नुसते ‘रा. रा.’ लिहिणे यांमागे तीच घाई आहे, जी पिटमनच्या आकड्यांमागे आहे. पेशवे दप्तरातील कारकुनाचे वेगवान हस्ताक्षर आणि सासूबाईंचे पान शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे. भारत इतिहास संशोधक मंडळात मोडी जाणणारी मंडळी आहेत. मात्र हे पिटमन हातात बसल्यावर. आता पाचवी लिपी नको.

यजमानांचा आक्षेप कामापुरता खरा आहे आणि त्यावर वाद घालू नका. फोन आजचे बोलणे लिहून देईल. चाळीस वर्षांपूर्वी पेन्सिलीने लिहून ठेवलेले सासूबाईंचे पान तो वाचून दाखवणार नाही, आणि तुम्हाला हवे आहे ते पान.

राहिली परीक्षा. जरूर द्या. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद पुण्यातच आहे आणि तिची लघुलेखनाची परीक्षा मिनिटाला ६० शब्दांपासून सुरू होते. शासकीय सेवेत लघुटंकलेखकाला ८०, निम्नश्रेणी लघुलेखकाला १०० आणि उच्चश्रेणी लघुलेखकाला १२० शब्दांचा वेग लागतो. तुम्हाला नोकरी मिळवायची नसल्यामुळे ६० वर थांबले तरी हरकत नाही. परीक्षेचा लाभ असा की, लिहिलेले ठरावीक वेळात, चुका मोजून, शब्दशः उतरवून द्यावे लागते, आणि घरी एकट्याने शिकणारा नेमका हाच भाग टाळत राहतो. कर्वेनगरजवळची एखादी मान्यताप्राप्त संस्था शोधा, वर्गात वीस वर्षांची मुले-मुली असतील याचा संकोच बाळगू नका आणि प्रवेश घेताना इंग्रजी लघुलेखनाची पहिली तुकडी मागा. मराठीचा अर्ज त्यापुढच्या वर्षी भरा.